युगांडाला जाताय, तर दत्तकाचा विचार कुठून सुरू करावा

सलाम ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं नाशिकचे, मंडळीतर्फे, म्हणजे आपल्या चर्चतर्फे, तीन वर्षांसाठी युगांडाला निघालाय, सोबत नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं. तिथल्या बेबी होममधलं एक बाळ दत्तक घ्यावं असं प्रार्थनेत तुमच्या मनात आलंय. त्याला किती दिवस लागतात, कुठल्या होममधून लवकर होतं आणि आपल्या मुलांवर काही परिणाम होतो का, हे तुम्ही विचारलंत. याच क्रमाने विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी नर्स, माहेर नगरचं. नवरा शेतीतला. युगांडातल्या मसाकाजवळच्या एका मिशन हॉस्पिटलात आम्हाला एकोणीस वर्षं झाली. दोन मुलं पोटची, एक मुलगा कोर्टाच्या हुकमाने आमचा झालेला, आणि एक मुलगी दोन वर्षं आमच्या घरात वाढून परत गेलेली. तुमच्यासारखी जोडपी पाळकांमार्फत माझ्याकडे येतात, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही पाहिलंय. वकील मात्र मी नाही. कायद्याबद्दल जे लिहिते ते कंपालातल्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या.

कायद्याचं आधी उरकते. २०१६च्या दुरुस्तीनंतर युगांडात परदेशी माणसाला मूल दत्तक घ्यायचं तर त्याचं देशात किमान एक वर्ष वास्तव्य लागतं, आणि ते मूल किमान एक वर्ष प्रोबेशन ऑफिसरच्या (तिथे मुलांच्या कल्याणाचं पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) देखरेखीखाली त्याच्या घरी सांभाळलेलं असावं लागतं. अर्जदार पंचवीस वर्षांचा हवा, मुलाहून एकवीस वर्षांनी तरी मोठा हवा, गुन्ह्याची नोंद नको. आपला देश हा हुकूम मानेल, याची हायकोर्टाला खात्री पटवावी लागते. अगदी अपवाद म्हणून कोर्ट एखादी अट सोडून देऊ शकतं, पण त्या भरवशावर विमानात बसू नका. आता हिशेब करा. पहिलं वर्ष स्थिरस्थावर व्हायला, मग शोधाशोध, मग सांभाळण्याचं वर्ष, मग कोर्ट. तीन वर्षांच्या नेमणुकीत हे बसतं, पण अगदी काठोकाठ.

पूर्वी मूल तीन वर्षं सांभाळायची अट होती आणि तिला एक पळवाट होती. नुसता पालकत्वाचा हुकूम काढायचा, मूल आपल्या देशात न्यायचं आणि दत्तकविधी तिकडे उरकायचा. ती वाट परदेशी माणसाला आता बंद आहे, आणि बंद झाली ते बरंच झालं. खेड्यातल्या आईबापांना सांगितलं जायचं की मूल शिकायला चाललंय, मोठं झालं की येईल. त्यांना ते खरं वाटायचं, कारण आपल्याकडे पोराला मामाकडे शिकायला ठेवतात तशी तिथेही घरोघर पद्धत आहे. मुलाचं आपल्याशी असलेलं नातंच कागदावरून पुसलं जाईल, ही कल्पना त्यांच्या डोक्यात येणार कुठून? ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने याच तऱ्हेच्या आरोपांवरून युगांडातल्या दोन न्यायाधीशांवर निर्बंध घातले. आजूबाजूलाही दारं लागत गेली आहेत. केनियाने २०१४मध्ये परदेशी दत्तकविधान थांबवलं, इथिओपियाने २०१८मध्ये कायद्यानेच बंद केलं. म्हणून ‘कुठे लवकर होतं’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. जिथे लवकर होतं असं कोणी सांगेल, तिथे पाऊल टाकू नका.

भारताच्या बाजूचंही ऐकून ठेवा. १९५६चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या ख्रिस्ती जोडप्यांना १८९०च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. पुढे बाल न्याय कायद्याने ती अडचण दूर केली. पण युगांडाच्या कोर्टाने हुकूम दिला म्हणजे मूल आपोआप भारतीय झालं, असं समजू नका. आमचा मुलगा आजही युगांडाच्या पासपोर्टवर व्हिसा लावून नगरला आजीकडे येतो. कोर्टात पहिला कागद टाकायच्या आधी कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन हे सगळं विचारा. आम्ही नंतर विचारलं आणि पस्तावलो.

आता खरा मुद्दा. तुम्ही ‘अनाथ बाळ’ लिहिलंय. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा बाप यांपैकी एक गेलेलं मूलसुद्धा अनाथ धरतात, त्यामुळे अनाथांचे मोठमोठे आकडे कानावर आले तरी त्यातल्या बहुतेकांचं एक माणूस जिवंत असतं. मी जे पाहिलं ते असं. बाळंतपणात बाई गेली की दोन-तीन दिवसांनी बाप बाळाला कापडात गुंडाळून वॉर्डाच्या दाराशी येतो. त्याला बाळ नकोसं झालेलं नसतं. घरी दूध नसतं आणि पावडरचा डबा परवडत नसतो, एवढंच. अशा बाळाला वर्षभर दूध आणि आजीला महिन्याकाठी थोडा आधार दिला की ते घरीच वाढतं. आमच्या हॉस्पिटलात त्यासाठी एक कपाट आहे. डबे तिथून जातात, डब्यामागे आजीची सही किंवा अंगठा. त्या कपाटाने जेवढी बाळं घरात ठेवली, तेवढी आम्ही सगळ्यांनी मिळून दत्तक घेतली नसती. बेबी होमचं गणित वेगळं असतं. सगळ्यांचं वाईट नाही, पण पाळणे रिकामे झाले की देणगी आटते, हे तिथल्या चांगल्या माणसांनाही माहीत असतं.

आमच्याकडे जी मुलगी आली ती चौदा महिन्यांची होती. दवाखान्याच्या बाकावर कोणी तरी ठेवून गेलेली, सोबत लसीकरणाचं कार्ड. त्यावर नाव होतं किझ्झा, गावाचा रकाना कोरा. प्रोबेशन ऑफिसरने कागद केले आणि ती आमच्या घरी आली. चार महिने मी ते कार्ड हाताळत होते. एक दिवस आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकीण बाईंनी ते पाहिलं आणि मला विचारलं, “मग जुळी कुठे आहेत?” मला कळेना. त्यांनी समजावलं: बुगांडात, म्हणजे युगांडातल्या याच मसाका-कंपालाच्या भागात, जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेल्या मुलाला किझ्झा म्हणतात. म्हणजे हिच्या आधी घरात जुळी झाली असणार. आणि जुळ्यांच्या बापाला सालोंगो, आईला नालोंगो ही पदवी मिळते, गाव त्यांना त्याच नावाने हाक मारतं. ज्या बाळाचं कोणीच नाही असं आम्ही चार महिने म्हणत होतो, त्याच्या नावातच अख्खं कुटुंब होतं.

मग सोपं झालं. स्थानिक रेडिओवर निवेदन दिलं, आसपासच्या गावांच्या चेअरमनना विचारत फिरलो: अलीकडे वारलेला, लहान जुळी मागे सोडून गेलेला कोणी सालोंगो? तिसऱ्या गावात आजी सापडली. बापाची आई. जुळी तिच्यापाशीच होती. सून कामाला कंपालाला गेली ती परतली नव्हती. आजीला वाटत होतं, धाकटी आईसोबत आहे.

त्या पहिल्या भेटीतली एक गोष्ट सांगते. नोव्हेंबरचा महिना, नसेनेनेचा हंगाम. नसेनेने म्हणजे नाकतोडे. पाऊस पडला की रात्री मोठाले दिवे आणि पत्रे लावून पिंपांत धरतात, पंख-पाय काढून कांद्यावर परततात आणि सुक्या बोंबलाच्या चवीने खातात. मसाका त्यासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही हौसेने एक डबा आजीसाठी नेला आणि कौतुकाने सांगितलं की ही सुद्धा मुठीमुठीने खाते. आजी गप्प. नातीच्या हातातला नाकतोडा तिने हळूच काढून घेतला. त्यांचं कुळच नसेनेनेचं होतं. आपल्याकडच्या देवकासारखंच हे. ज्याचं देवक कळंब तो कळंब तोडत नाही, तसं नसेनेने कुळाचं माणूस नाकतोडा तोंडात घालत नाही. आम्ही महिनाभर लेकराला तिच्या कुळाचंच खाऊ घालत होतो. आजी रागावली नाही. “तुम्हाला कोण सांगणार?” एवढंच म्हणाली.

पुढे दोन वर्षांत हळूहळू ये-जा वाढवली. महिन्यातून एक रविवार, मग शनिवार-रविवार, मग सुट्टी. तिला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर ती कायमची आजीकडे गेली. मी किती रडले ते सांगत नाही. आज ती हायस्कुलात आहे, परीक्षेच्या आधी फोन करून प्रार्थना करायला सांगते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच आठवड्यात मिळालं. ती गेल्यानंतर तीन-चार दिवसांनी माझा थोरला, तेव्हा सहा वर्षांचा, ताटातला भात चिवडत म्हणाला, “मी कधी जाणार?” मला वाटलं शाळेत, की नगरला. तो म्हणाला, “माझ्या आजीकडे. कायमचा.” आम्ही मोठ्यांनी सगळं समजून-उमजून, प्रार्थना करून केलं होतं. त्याला दिसलं ते एवढंच की या घरात मुलं येतात आणि परत दिली जातात. वर्षभर तो आमच्या खोलीत झोपला. म्हणून मुलांना काय सांगायचं ते पहिल्या दिवशी ठरवा. ‘तुला बहीण आणली’ म्हणू नका. ‘तिच्या घरचे सापडेपर्यंत ती आपल्याकडे आहे, आणि तू मात्र इथलाच’ असं म्हणा, पुन्हा पुन्हा म्हणा. कोर्टाचा हुकूम झाल्यावर वाक्य बदलायला वेळ लागत नाही.

दुसरा मुलगा आला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. पोलिसांचा अहवाल, रेडिओ, गावोगाव चौकशी, सगळं केलं. कोणी सापडलं नाही. सांभाळण्याचं वर्ष पुरं झालं, प्रोबेशन ऑफिसरने अनुकूल अहवाल दिला आणि हायकोर्टाने हुकूम केला. तो आमचा आहे, आणि तरी एक प्रश्न त्याच्यामागे आहेच. बुगांडात नाव विचारलं की पाठोपाठ कुळ विचारतात, आणि कुळ बापाकडून येतं. याला बापाचं कुळ ठाऊक नाही. तिसरीत असताना त्याने स्वतःच तोड काढली. वर्गात सांगितलं, आमचं कुळ कारल्याचं, आमच्याकडे कारलं खात नाहीत. खात नाही तो एकटाच. बाईंनी वहीत लिहूनही घेतलं. आम्ही हसलो, पण मोठेपणी हा प्रश्न असा हसण्यावारी जाणार नाही, हे आम्हाला कळतं.

तुम्ही नाशिकचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. शरणपूर रोडवरून तुम्ही हजारदा गेला असाल. एकोणिसाव्या शतकात त्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीचा आफ्रिकन आश्रम होता. अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. त्यातून सुटलेल्या आफ्रिकन मुलांपैकी काहींना मुंबईत उतरवून नाशिकला आणत. त्यांना लिहा-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं, बाप्तिस्मा देऊन नवी नावं दिली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३मध्ये आजच्या झांबियात प्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं हृदय पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने, आणि शवासोबत थेट लंडनपर्यंत गेला तोही तोच. पुढे यांतले बरेच जण मोंबासाजवळ १८७५च्या सुमारास वसवलेल्या फ्रेरेटाऊनमध्ये परतले. आपल्याच खंडात परतलेल्या या माणसांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. त्यांना जीव लावणारे, पोटभर घालणारे लोक होते, शंका नाही. पण जन्माची नावं आणि गावं मागे पडली ती पडलीच. म्हणून बाळाचं नाव बदलू नका, असं मी प्रत्येक जोडप्याला सांगते. बाप्तिस्म्याचं नाव जोडा, तिथेही दोन नावं असतातच, पण आधीचं खोडू नका. आमच्या मुलीचं नाव पहिल्याच दिवशी मी ‘करुणा’ ठेवणार होते. ठेवलं असतं तर ते कार्ड खणात गेलं असतं आणि आजी सापडली नसती.

याच्या उलट उदाहरण मेरी स्लेसरचं. ही स्कॉटिश बाई १८७६मध्ये नायजेरियातल्या कॅलाबारला आली. तिथे तेव्हा जुळं अपशकुनी मानून टाकून देत. (बुगांडात जुळ्यांमुळे आईबापांना पदवी आणि कॅलाबारात जुळ्यांना मरण, एकाच खंडात! ‘आफ्रिकेत असं असतं’ हे वाक्य मी त्यामुळेच वापरत नाही.) तिने अशी किती तरी बाळं उचलून वाढवली, काहींना आपलं नाव दिलं. ती स्वतः एफिक भाषा बोलायची आणि मुलं त्याच मातीत मोठी झाली. तुम्ही लुगांडा शिका. इंग्रजीवर काम भागतं, पण इंग्रजीत तुम्हाला आजी सापडायची नाही.

तुमच्या नातेवाइकांचं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते मला बाळाच्या कागदांइतकंच महत्त्वाचं वाटतं. तीन वर्षांनी तुम्ही नाशिकला परत येणार. आपल्या लोकांच्या तोंडी ‘हबशी’ हा शब्द अजून आहे, आणि चर्चच्या बाकावर बसणाऱ्यांच्याही आहे. आमच्या मुलाला एका लग्नात एका बाईंनी गालाला हात लावून विचारलं, “धुतलं की जातं का रे?” त्याला मराठी छान येतं. असं कोणी बोललं की तुम्ही दोघं काय करणार, ते आधी ठरवा. सासूबाईंशी, आईशी बोला, आणि त्यांचं मनापासून ‘हो’ नसेल तर थांबा. चांगलंही घडतं. किझ्झा दोन वर्षांची असताना आम्ही परवानगी काढून तिला एकदा नगरला आणलं होतं. बुगांडात मुली वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात, तशी ती माझ्या आईसमोर दारातच गुडघ्यांवर बसली. आई म्हणाली, “काय सांडलं गं?” आणि तीही खाली बसून शोधायला लागली. मग कळलं तेव्हा तिने तिला जे उचललं, ते आम्ही निघेपर्यंत खाली ठेवलं नाही.

नर्स म्हणून दोन ओळी. बाळाची एचआयव्हीची अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. अठरा महिन्यांपर्यंत आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात राहू शकतात, थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करून घ्यावी लागते. सिकलसेलची तपासणी मात्र नक्की करा. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीसारखाच तो आजार तिथेही बराच आहे, आणि आधी कळला तर बाळाची नीट काळजी घेता येते. मच्छरदाणी सगळ्यांना, अपवाद नाही.

तर माझा क्रम असा: पहिलं वर्ष बाळाचा विषयच नको. भाषा, शेजार, आणि तुमची स्वतःची दोन मुलं. दुसऱ्या वर्षी एखाद्या बाळाला तात्पुरतं सांभाळा, तेही त्याच्या घरच्यांचा शोध चालू ठेवून. कोणीच सापडलं नाही आणि तुमची नेमणूक वाढत असेल, तर वकील. घरचे सापडले तर डबे आणि येणं-जाणं.

एक राहिलं. तिथल्या शाळांचं वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं. जूनमध्ये आलात तर थोरल्याला चालू वर्गात मधेच बसावं लागेल, आणि आमच्या थोरल्याने तसं बसून पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मंडळीला विचारून जानेवारीत येता येतं का ते बघा. त्याला शाळेचे फोटो हवे असतील तर मी पाठवते.